भाबीच्या हाताचं माप

विमानातून उतरल्यापासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत आमच्याजवळ आठ तास होते, आणि त्या आठ तासांवर भाबीनं पाच महिने आधीच आपला हक्क सांगून ठेवला होता.

भाबी म्हणजे आमच्या शिरड शहापुरातली बांगड्या भरणारी. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझा चुडा तिनंच भरला, पुढं माझ्या दोन्ही लेकींचाही तिनंच. आता ती ऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांना धूसर दिसतं, हात थरथरतात, म्हणून बांगड्यांची टोपली बंद झाली. मी सत्तरीला टेकले तरी ती मला अजून ‘दुल्हन’च म्हणते. पहिल्या दिवशी म्हणाली ते म्हणालीच.

तर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, अमेरिकेला धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी निघालो, तेव्हा गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. कुणी म्हणालं बर्फाचे फोटो पाठवा, कुणी म्हणालं तिथलं चॉकलेट आणा. भाबी सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून गप बसली होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली,

“दुल्हन, हैद्राबादवरून जाणार म्हणं तुमी?”

“व्हय भाबी. विमान तिथूनच हाये.”

“मंग येताना माझं एक काम कर. अमेरिकेचं मला काई नको.”

भाबीचं माहेर हैद्राबादचं, एवढं मला माहीत होतं. चारमिनारपासून जवळच एका गल्लीत तिचे अब्बा लाखेच्या बांगड्या करायचे. दुकान नव्हतं. घराच्या उंबऱ्याशी शेगडी मांडायची, निखाऱ्यावर लाख मऊ करायची, ती वळून तिचं कडं करायचं आणि गरम आहे तोवर चिमट्यानं एकेक खडा बसवायचा. सोळाव्या वर्षी भाबी इकडं आली ती अब्बांनी केलेला एक जोड हातात घालूनच. पुढं अब्बा गेले, भाऊ पांगले, माहेर म्हणावं असं काही उरलं नाही. भाबीचा नवरा गेला तेव्हा तिनं तो जोड उतरवून डब्यात घातला आणि डबा पत्र्याखालच्या फळीवर ठेवला. एका उन्हाळ्यात पत्रा असा तापला, असा तापला, की डबा उघडून बघते तर आत नुसता लाखेचा गोळा, आणि त्यात खडे रुतून बसलेले.

“आता मला कुणी तरी सांगितलं,” भाबी म्हणाली, “की तिथं आता कुणी करतच न्हाई. सगळा माल बाहेरून येतो मशीनवरचा, अन् आमच्या गल्लीत नुसती दुकानं राह्यली. तेव्हापासून जिवाला चैन न्हाई बघ. तू जाऊन पाह्य. अब्बाच्या गल्लीत एक जरी शेगडी जळत असंल तर तिच्यावरचा एक जोड घेऊन ये. दुकानातला नको. तुझ्या डोळ्यासमोर झाला पाह्यजे. अन् शेगडी नसंल तर तसं येऊन सांग. खोटं नको सांगू, मी हात लावला की मला समजतंय.”

मी म्हटलं, “पत्ता सांग. गल्लीचं नाव काय?”

“गल्लीला कशाचं नाव? आमची गल्ली.” मग डोळे मिटून तिनं रस्ता सांगितला. “चारमिनारकडं पाठ कर. बांगड्यांच्या दुकानांच्या रस्त्यानं सरळ चालायला लाग. एक ल्हानी मशीद लागंल, हिरव्या दाराची. तिच्या बाजूनं आत वळ. तिथून पुढं तुझं नाक तुला नेईल. लाखेचा वास लपत न्हाई.”

मी ते डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. डायरी अमेरिका फिरून आली. तिकडचं सांगत बसत नाही. लेकरू गोड आहे, लेक बरी आहे, आणि तिकडं शेजारी एकमेकांच्या घरी मीठ मागायला जात नाहीत, एवढं पुरे.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे आमच्या गावच्या पोस्टात होते, उभी नोकरी तिथंच गेली. टपालाची थैली वेळेवर गेलीच पाहिजे, या धाकात आयुष्य काढलेला माणूस. गाडी संध्याकाळची असली तर हे दुपारीच फलाटावर जाऊन बसतात. विमानात ह्यांनी मला चार वेळा विचारलं, “तू ते भाबीचं काम खरंच करणार हायेस?”

“करणार.”

“उतरायला उशीर झाला तर?”

“तर पळत करणार.”

“गुडघे कुणाचे घेऊन पळणार? तुझे का माझे?”

मी खिडकीकडं तोंड केलं. खाली नुसता ढगांचा कापूस.

विमान वेळेवर उतरलं, सकाळी. पण विमानातल्या थंड हवेनं माझं नाक गच्च बंद झालं होतं. रात्रभर शिंकत आले होते. टॅक्सीनं आधी काचीगुड्याच्या स्टेशनावर गेलो, सामान तिथल्या सामानघरात ठेवायचं म्हणून. तिथं वेगळाच घोटाळा. आमच्या मोठ्या बॅगेची चेन विमानात तुटली होती, आणि ह्यांनी ती सुतळीनं आवळून बांधली होती, थैली बांधायचे तशी, गाठीवर गाठ.

सामानघरातला माणूस म्हणाला, “चाचा, ताला नै है तो नै रखते. कायदा है.”

“ही गाठ बघा,” हे म्हणाले. “ही गाठ कुणाच्या बापाला सुटणार न्हाई.”

“चाचा, गाठ बहोत अच्छी है. मगर ताला होना.”

हे लगेच खुश झाले. “मी बसतो सामानापाशी. तू जाऊन ये आरामात.” मनातून त्यांना तेच पाहिजे होतं, फलाट, बाकडं आणि घड्याळ. मी बाहेर जाऊन एक लहानसं कुलूप आणलं आणि सुतळीच्या दोन गाठींमधून अडकवून दाबलं. त्या माणसानं कुलूप ओढून पाहिलं, सुतळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पावती फाडली. कायद्यात कुलूप असावं एवढंच होतं, ते कशाला लावावं हे नव्हतं.

ऑटोत बसल्यावर मात्र मला इकडं बघू का तिकडं बघू झालं. पाट्यांवरची ती वळणदार अक्षरं. माझ्या वडिलांना ती वाचता यायची, त्यांची शाळाच उर्दू होती. मला अक्षर येत नाही, पण कान लावला तर निम्मं आपल्याच घरातलं. ऑटोवाला फोनवर कुणाला तरी म्हणत होता, “तकलीफ नक्को करो, मैं बराबर आता.” माझी आई शेतातल्या गड्याला अगदी असंच म्हणायची, तकलीफ नको करू, बराबर येईन. लेकीकडं पाच महिने मी दुकानात मुकी होऊन उभी राहायचे, आणि इथं मला रस्त्यावरचं भांडण पण समजून राहिलं होतं. मी मुद्दाम ऐकत होते.

चारमिनार आला. केवढा तो! मी मान वर केली तोच हे म्हणाले, “वर जायचं असंल तर रांग हाये. वेळ बघ.”

“वर न्हाई जायचं. भाबीनं सांगितलंय, त्याच्याकडं पाठ करायची.”

“एवढ्या दूर येऊन पाठ?”

“हुकूम हाये.”

पाठ केली आणि चालायला लागलो. दोन्ही बाजूंना बांगड्याच बांगड्या. काचेच्या, खड्यांच्या, आरशांच्या. दिवे लावलेले, त्यामुळं दिवसाढवळ्या सगळं लखलखत होतं. बायकांची ही गर्दी. एका दुकानदारानं हाक मारली, “आओ अम्मा, बैठो. देखने के पैसे नक्को.” मी गेले. लाखेच्या बांगड्या दाखवल्या त्यानं, सुरेख होत्या.

मी विचारलं, “ये इदरिच बनते क्या?”

“हौ अम्मा, सब इदरिच. पीछे कारखाना है.”

“तो दिखाव ना.”

“आज बंद है.”

“कल?”

“कल भी बंद है,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्या मागं खोक्यांची चळत होती, प्लास्टिकच्या पट्ट्या न सोडलेली. हात लावला की समजतंय म्हणणारी बाई गावी वाट बघत होती. मी उठले.

आता हिरव्या दाराची मशीद. लहानशी एक मशीद होती खरी, पण तिचं दार लोखंडी आणि पांढरं. बाहेर एक म्हातारबुवा नमाजासाठी वजू करून, हातपाय धुऊन, पाय पुसत होते. त्यांना विचारलं, पहले ये दरवाजा हरा था क्या? ते म्हणाले, “बेटी, मेरे बचपन में लकडी का था, हौ, हरा था.” सत्तरीच्या बाईला बेटी म्हणाले! मला तिथंच बरं वाटलं.

बाजूनं आत वळलो. पुढं गल्लीला तीन फाटे. एकीकडं मोबाईलची कव्हरं, एकीकडं शिवणकाम, एकीकडं नुसत्या भिंती आणि गटार. भाबीनं सांगितलं होतं, तिथून पुढं नाक नेईल. आणि नाक तर बंद! मी जोरात हवा ओढून बघितली, शिंक तेवढी आली.

“आता?” हे म्हणाले.

“आता तुमचं नाक.”

“माझं काहून? मला काय ठाव बांगड्याचा वास?”

“बांगड्याचा न्हाई हो, लाखेचा. थैलीला शिक्का कशानं मारत होता?”

हे जागच्या जागी थांबले. सगळी नोकरी ह्यांनी मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली होती आणि थैलीच्या गाठीवर ती टपटप पाडून वर पितळी शिक्का दाबला होता. घरी यायचे तर सदऱ्याला तो वास. मला आवडायचा नाही तो आधी, मग तो आला की कळायचं, आता चहा टाकायचा. शिक्के मारणं बंद झालं त्याला किती तरी वर्षं झाली. हे डोळे मिटून उभे राहिले. मग एका फाट्याच्या तोंडाशी गेले, परत आले, दुसऱ्याशी गेले. बाजूची शिवणारी माणसं मशीन थांबवून बघायला लागली.

“हिकडं,” हे म्हणाले, आणि भिंती आणि गटाराच्या गल्लीत शिरले. पावलं अशी झपाझप की मलाच मागून म्हणावं लागलं, “अहो, गुडघे!”

तिसऱ्या का चौथ्या घराच्या उंबऱ्यात एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. समोर शेगडी, शेगडीत निखारे, हातात काठीच्या टोकाला लालबुंद मऊ लाख. ती लाख फरशीवर ठेवून लाकडाच्या चपट्या तुकड्यानं घोळून घोळून तिची लांब वात करत होती, आपण शेवया वळतो ना, तशीच, फक्त जाड. मी तिथंच उभी राहिले. भाबीची शेगडी जळत होती. आता भाबीला खोटं सांगायची वेळ येणार नव्हती, एवढंच मनात आलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी नाकाच्या नावावर खपवलं.

बाईनं वर बघितलं. “कां से आये अम्मा?”

“हिंगोली के तरफ से.”

“परभनी के उधर?”

“हौ.”

मग मी सगळं सांगितलं. भाबी, तिचे अब्बा, साठ वर्षांपूर्वीचं लग्न, पत्रा, डब्यातला गोळा. ती ऐकत होती पण हात थांबला नव्हता. शेवटी म्हणाली, साठ बरसां में इस गल्ली से कित्ते लोगां गये अम्मा, मैं किस-किसकू याद रखूं. तिची सासू असती तर सांगितलं असतं, ती गेली. आता गल्लीत दोनच शेगड्या, एक तिची आणि एक तिच्या नणंदेची. “मगर जोडी बना देतूं. बैठो.” तिनं आमच्यासाठी दोन पाट सरकवले. आणि मग विचारलं,

“हात कित्ते का है? दो-चार का, दो-छे का?”

मी डायरीचं शेवटचं पान उघडलं.

माझं माप मला पाठ आहे. माझ्या दोन्ही लेकींचं पाठ आहे, सुनेचं पाठ आहे. आणि ते मला कुणी सांगितलं? भाबीनं. तिला अख्ख्या गावातल्या बायकांच्या हातांची मापं तोंडपाठ. लग्नघरात शिरली की दारातूनच सांगायची, तुझा हात भरलाय गं, आता एक माप वर. पण भाबीच्या हाताचं माप काय? भाबीनं पन्नास वर्षं माझा हात हातात घेतला. मी तिचा हात एकदाही नीट बघितला नव्हता. निघताना डायरीत रस्ता लिहून घेतला, मशिदीच्या दाराचा रंग लिहून घेतला, आणि बांगडी ज्या हातात जायची त्याचं माप विचारायचं सुचलंच नाही.

“घालायला कुठं पाह्यजे तिला,” हे हळूच म्हणाले. “हात लावून बघायच्या हायेत नुसत्या. कोणतं बी माप चालंल.”

बाईला मराठी कळत नसावं, पण हे तिला बराबर कळलं. “नै चाचा,” ती म्हणाली. “बगैर हात के चूडी नै बनाते हम. मैं किसके लिये बनारूं वो तो मालूम होना.”

गावाकडं फोन लावावा तर भाबीला फोनवर ऐकू येत नाही, आणि तिच्या घरात दिवसा कुणी नसतं. ह्यांनी घड्याळ बघितलं. घड्याळ अजून लेकीकडच्याच वेळेवर होतं, त्यामुळं हे दर वेळी बोटांवर हिशेब करत होते.

मग त्या बाईनं शेगडी जरा बाजूला केली, हात पदराला पुसला आणि आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. “अम्मा, वो तुमारेकू चूडियां कैसे पिनाती थी? मेरा हात पकड के बताव.”

मी तिचा हात घेतला. सुरुवातीला काही आठवेना. डोळे मिटले. मग माझ्या हातालाच आठवलं. भाबी आधी बांगडीला हात लावायचीच नाही. आधी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी तिचा अंगठा रुतवायची आणि तिथं गोल गोल दाबत राहायची, गप्पा मारत, कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस व्याली, आणि हात सैल पडला की मग बांगडी सर्रकन आत. मी बाईच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलं.

तिनं हात तसाच ठेवला आणि आत कुणाला तरी हाक मारली. तिची नणंद बाहेर आली. “देखो देखो,” बाई तिला म्हणाली, “अम्मा अंगूठे की जड दबारी. सब लोगां हड्डी दबाते ना? ये तो मेरी सास का हात है.” नणंदेनं माझ्याकडं बघितलं, माझ्या पकडीकडं बघितलं आणि म्हणाली, “येइच गल्ली की है वो.”



“अब बोलो,” बाई म्हणाली, “उसकी बीच की उंगली तुमारे हात पे कां तक आती थी?”

हे सांगणं सोपं होतं. माझ्या करंगळीच्या हाडापर्यंत. तिथं टेकायची, पुढं कधी नाही. तिथं तिच्या नखाचा स्पर्श असायचा. मी दाखवलं. मग बाईनं स्वतःचा हात माझ्या हाताभोवती तसाच गुंडाळला. तिचं मधलं बोट माझ्या करंगळीच्या हाडाच्या पुढं एक नख जात होतं.

“मेरे से छोटा हात है,” ती म्हणाली. “मेरा दो-छे. उसका दो-चार.” मग विचारलं, “उमर कित्ती बोले?”

“अस्सी के करीब.”

“तो हड्डियां मोटी हो गयी होंगी. हात छोटा, मगर बुढ्ढा. दो-छे करतूं.”

हे माझ्या कानाशी म्हणाले, “ही बाई पोस्टात पाह्यजे होती. पत्त्याशिवाय पत्र पोचवलं असतं तिनं.”

पण एका कड्याला वेळ किती! लाख वळायची, लाकडी दांड्यावर चढवून मापाला आणायची, टोकं शेकून जोडायची, मग खडे. एकेक खडा चिमट्यानं उचलायचा, तापवायचा, दाबायचा. लाख गार झाली की पुन्हा निखाऱ्यावर. पहिलं कडं पुरं होईतो आमच्या ह्यांचा हिशेब तीन वेळा झाला होता. बाई म्हणाली, घाई असेल तर एकच घेऊन जा. मी मान हलवली. भाबीनं जोड मागितला होता. एकच बांगडी घालून कुणी बाई बसते का?

“गाडी जाईल,” हे म्हणाले.

“मंग तुमी पण हात लावा.”

मी चिडूनच बोलले होते. पण ह्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, शेगडीशी सरकले आणि बाईला म्हणाले, “लाख गरम करने का काम मेरेकू आता. सरकारी काम था.” तिनं हसत दुसऱ्या कांडीची काठी त्यांच्या हातात दिली. आणि मी बघत राहिले. हे काठी निखाऱ्यावर संथ फिरवत होते, थेंब पडायच्या आधी उचलत होते, पुन्हा फिरवत होते. घड्याळाकडं बघणं बंद. ती खडे बसवत होती, हे लाख तयार ठेवत होते, मी रंगांप्रमाणं खडे वेगळे करत होते, आणि नणंद चहा घेऊन आली. गल्लीतून जाणारी माणसं जरा थांबून बघून जात होती, ही धोतर-सदऱ्यातली नवी भरती कुठून आली म्हणून.

दुसरं कडं गार व्हायला ठेवलं तेव्हा वेळ बघून मीच घाबरले. पैसे देऊन निघताना मी बाईच्या पाया पडायला वाकले. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, ती कुणी का असेना, हे आमच्याकडं आहे. ती म्हणाली, “ये क्या करते अम्मा, पिनाये कां मैं? पिनानेवाली तो तुम हो अब.”

धावपळीत ऑटो पकडली. ऑटो चारमिनारवरून गेली तेव्हा मी मागं वळून काचेतून बघितला, पुरता, चारही मिनार. तेवढीच आमची हैद्राबादची सहल. स्टेशनावर कुलूप काढायला वेळ लागला नाही, सुतळीची गाठ सोडायची तर गरजच नव्हती. गाडी फलाटाला लागलेली होती. हे बाकावर टेकले आणि नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदा धापा टाकत गाडीत बसलो म्हणाले, पण तक्रार नव्हती त्यात. सदऱ्याला लाखेचा वास येत असणार. माझं नाक बंद.

सकाळी पूर्णेला उतरलो आणि जीपनं गावी आलो. चूल-पाणी काही केलं नाही, तशीच भाबीकडं गेले. ती अंगणात शेळीला पाला टाकत होती. माझ्या पावलांवरून ओळखलं.

“आलीस दुल्हन? काय सांगतीस?”

मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती सोडली, एक बांगडी नाकाशी धरली, मग अंगठ्याच्या पेरानं आतून गोल गोल फिरवत सांधा शोधला. सापडला तिथं बोट थांबलं. 

“शेगडी हाये,” ती म्हणाली.

“दोन हायेत. एक बाईची अन् एक तिच्या नणंदेची.”

“बायाच करतात?”

“बायाच.”

“अब्बा आमाला शेगडीला हात लावू देत नव्हते,” भाबी म्हणाली. “पोरी हात भाजून घेतील म्हणं.” मग दुसरी बांगडी तपासली, आणि कपाळाला आठ्या. “सांधा जाड ठेवलाय. अब्बानं पाह्यला असता तर रट्टा दिला असता. अन् ही लाख जरा जास्त तापलीय. कुण्या अनाड्यानं धरली व्हती?”

“टपालवाल्यानं,” मी म्हटलं. ती इतकी हसली की शेळी दूर पळाली.

मग मी म्हटलं, “आण हात.”

“नको गं. घालायला न्हाई मागिवल्या मी.”

“मापानं केल्यात. बघू तरी बराबर हायेत का. त्या बाईनं विचारलंय.”

हे मी खोटंच बोलले, आणि ते तिला हात न लावता समजलं असणार. पण तिनं हात पुढं केला. केवढासा हात तो. मी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी माझा अंगठा ठेवला आणि दाबायला लागले. बांगडी हाडापाशी अडली.

“तेल आणू का?”

“तेल लावून भरणारी कसली गं बांगडीवाली? अन् आशी दाबतीस काय, म्हशीचा सड हाये का? गप्पा मार. गप्पा मारल्याशिवाय हात सैल व्हत न्हाई. सांग, त्या मशिदीचं दार हिरवंच हाये का?”

मी सांगायला लागले. पांढरं दार, पाय पुसणारे म्हातारबुवा, शिवणारी माणसं, ह्यांचं नाक, पाट, चहा. दोन्ही बांगड्या आत गेल्या कधी ते तिलाही कळलं नाही आणि मलाही. तिनं हात डोळ्यांजवळ नेला, खडे उन्हात हलवले. बांगड्या एकमेकींवर आपटल्या. लाखेचा आवाज काचेसारखा नसतो, जरा दबका असतो.

सांगून झालं तेव्हा ऊन अंगणभर आलं होतं. घरी जायचं होतं, सामान तसंच पडलं होतं. मी म्हटलं, “काढू का आता?”

भाबीनं हात पदराखाली घेतला. “काढायला तेल लागंल,” ती म्हणाली, “अन् तेल संपलंय.”

तिच्या मागं फळीवर खोबरेलाची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. मी उठले आणि शेळीचा राहिलेला पाला टाकून घरी आले.